पस्तीस मिनिटांची शिकवणी

केसांना रंग लावला की तो मुरायला पस्तीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ गिऱ्हाईक कुठे जाऊ शकत नाही. गळ्याशी काळं कापड, डोक्यावर लेप, समोर आरसा. मग माणूस बोलतं. पार्लरवाली बावीस वर्षं ते ऐकत आली होती. कुणाची सून, कुणाचा गुडघा, कुणाच्या नवऱ्याची दुसरी भानगड. आपण फक्त 'हो ना' म्हणायचं आणि स्वतःच्या घरातलं अवाक्षर काढायचं नाही, हा धंद्याचा पहिला नियम तिने कसोशीने पाळला होता. तो मोडला एकाच बाईपुढे.

पार्लरमधल्या मुली त्या बाईंना पाठीमागे सातघरी म्हणत. सात फ्लॅट होते त्यांचे आणि सातही भाड्याने दिलेले. स्वतः राहायच्या तो आठवा, पण तो त्या हिशेबात धरत नसत. "राहतं घर म्हणजे मिळकत नव्हे, खर्च," असं त्यांचं मत होतं. वय अडुसष्ट, पाठ ताठ, नवरा कधीच गेलेला. दर तिसऱ्या शुक्रवारी दुपारी दोनच्या ठोक्याला त्या खुर्चीत येऊन बसत आणि कपाळाजवळची पांढरी मुळं बोटाने दाखवून म्हणत, "हे बघ, आलेत परत. भाडं थकवणाऱ्यासारखे चिवट आहेत."

पार्लरवालीकडे थोडी पुंजी साठली होती. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, मूलबाळ नव्हतं, खर्च बेताचा. एका शुक्रवारी वाटीत रंग कालवता कालवता ती म्हणाली, "बाई, एखादं छोटं घर घेऊन भाड्याने द्यावं असं मनात आहे. जमेल का मला?"

सातघरी बाईंनी मिटलेले डोळे उघडले. "घर बघायला गेलीस की पहिल्यांदा काय बघशील?"

"उजेड."

"नापास. उजेड राहणाऱ्याने बघायचा, तू राहणार नाहीस. तू कपाटामागची भिंत बघायची. एकाच कोपऱ्यात ताजा रंग दिसला की समजायचं, तिथे ओल आहे. सगळे नळ एकदम सोडून बघायचे. एकाच इमारतीत चार वेगवेगळ्या वेळी जायचं आणि वॉचमनशी गप्पा मारायच्या, दलालाला जे ठाऊक नसतं ते त्याला असतं. कागद आपल्या वकिलाने वाचायचे, दलालाने आणलेल्या वकिलाने नाही."

अशी शिकवणी सुरू झाली. फी काही नव्हती. पार्लरवाली ब्रशने मुळं रंगवायची आणि बाई एकेक धडा द्यायच्या. घराच्या प्रेमात पडू नकोस, प्रेमात पडलेल्याला भाव करता येत नाही. जिथे लोकांना रोज पायी कामावर जाता येतं तिथे घर घे. वर्षाचं भाडं मोजताना बारा महिने धरू नकोस, दहाच धर, दोन महिने घर रिकामं राहतंच. पार्लरवाली हे सगळं अपॉइंटमेंटच्या वहीत शेवटच्या पानावर उतरवून घ्यायची. तिच्या नवऱ्याने ते पान एकदा वाचलं आणि म्हणाला, "ही बाई तुला फुकटात एवढं का सांगते?"

"प्रत्येकाच्या पोटात काही काळंबेरं नसतं," ती फणकाऱ्याने म्हणाली.

घर मिळालं ते मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या रस्त्यावर. तिसरा मजला, दोन खोल्या, लिफ्ट नाही, पण भिंती कोरड्या आणि पाणी चोवीस तास. कर्जाचा कागद घेऊन ती बाईंना दाखवायला आली तेव्हा बाईंनी एकच प्रश्न विचारला. "सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवलेस?"

"दोन महिन्यांचे आहेत."

"मग थांब."

"पण बाई, हे घर हातचं गेलं तर—"

"मी थांब म्हटलं. पुढे तुझी मर्जी," असं म्हणून बाईंनी डोळे मिटून घेतले. पार्लरवाली थांबली नाही. पुढच्याच आठवड्यात सह्या झाल्या.

भाडेकरू शोधावाच लागला नाही. त्याच सुमारास तिची मोठी बहीण बावीस वर्षांचा संसार एका बॅगेत भरून नवऱ्याच्या घरातून बाहेर पडली. ताई त्याच हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरी इस्त्री करायची. सकाळी सहाची पाळी, आणि नव्या घरापासून धुलाईखान्याचं मागचं दार चार मिनिटांवर. "बाजारात जे भाडं चाललंय तेच घ्यायचं," ताईने आधीच बजावलं. "बहीण म्हणून एक पैसा कमी नको. आणि कागदही कर, रीतसर."

या ताईनेच तिला वाढवलं होतं. आई गेली तेव्हा एक नऊ वर्षांची होती, दुसरी सोळाची. पुढे केस कापायचा कोर्स लावला, तेव्हा सरावाला डोकं कुणी देईना. ताईने दिलं. धाकटीने एक बाजू कानाच्याही वर नेऊन ठेवली. ताई तीन महिने डोक्याला रुमाल बांधून कामावर जात होती आणि कुणी विचारलं तर 'उवा झाल्यात' म्हणून सांगत होती. दोघी हे आठवून अजून पोट धरून हसायच्या. ताई तिला अजूनही चिमे म्हणायची, चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला.

सातघरी बाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी नाक मुरडलं. "नातेवाईक भाडेकरू? बरं. बघू या." आणि त्यानंतर दर तिसऱ्या शुक्रवारी चौकशी ठरलेली.

"भाडं आलं?"

"पहिल्या तारखेला सकाळी सातला. दर महिन्याला."

"भिंतीला खिळे?"

"एक नाही. कॅलेंडरसुद्धा दाराच्या कडीला अडकवलंय."

"दुरुस्तीसाठी फोन?"

"नळ ठिबकत होता तर स्वतःच वायसर आणून बदललं. मला आठवडाभराने कळलं."

"हं," असं म्हणून बाई आरशात बघत राहायच्या. पार्लरवालीला आपल्या बहिणीचं कौतुक सांगताना बरं वाटायचं. तिने सगळंच सांगितलं. हप्ता किती जातो, हाताशी किती उरतं, ताईचा पगार किती, ताईला दुसरीकडे जायला कसं ठिकाण नाही. बोलायची सवय लागली होती.

वर्ष होत आलं तेव्हा बाई म्हणाल्या, "त्या रस्त्यावर भाडी वाढलीत, ठाऊक आहे ना? दोन नर्सा मिळून राहिल्या तर दीडपट देतात. सहज."

"ताईला थोडं वाढवलंय. तिने जादा पाळी घेतली."

"थोडं म्हणजे किती? दहाव्या हिश्शाने? पोरी, भीड ही भिकेची बहीण असते. तू बहिणीला सांभाळतेस, चांगलं आहे, पुण्य लागेल. पण मग त्याला गुंतवणूक म्हणू नकोस, धर्मशाळा म्हण."

पार्लरमधल्या दोन्ही मुली खुदकन हसल्या. पार्लरवालीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्या दुपारी तिने वहीच्या शेवटच्या पानावर दीडपट भाडं लिहिलं, त्याखाली हप्ता लिहिला आणि वजाबाकी केली. अशी तीन वर्षं गेली तर दुसरं घर घेता येत होतं. तो आकडा तिने दोनदा गिरवला. तिला दोनघरी म्हणवून घ्यायला आवडलं असतं.

"ताईला?" नवरा एवढंच म्हणाला. हातातला घास तसाच राहिला त्याच्या.

"ताईला रस्त्यावर काढत नाहीये मी. महिन्याची मुदत देतेय. दोन नर्सांशी बोलणं झालंय, त्या लगेच यायला तयार आहेत."

रविवारी ती गेली. ताई खुर्चीत बसून गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लावत होती. धाकटीला बघून उठायला लागली.

"बस गं. उठू नकोस," ती म्हणाली, आणि बसायच्या आतच सांगून टाकलं, कारण बाईंनी तसंच शिकवलं होतं. गप्पा मारून मग सांगायला गेलं की जीभ अडते.

ताईने पिशवीचं झाकण घट्ट केलं. "किती दिवस?"

"महिना. करारात तसंच आहे."

"करार मी वाचलाय." तिने पिशवी गुडघ्यावर परत ठेवली. मग म्हणाली, "चिमे, मी अजून थोडं वाढवून दिलं तर? रविवारची पाळीही मिळते कधीकधी."

"दीडपट नाही ना जमणार तुला."

"नाही."

"मग? ताई, हा धंदा आहे. धंद्यात नातं आणलं की दोन्ही जातं."

"कोण म्हणालं असं?"

"कुणी म्हणायला कशाला हवं? मला कळत नाही का?"

ताईने तिच्याकडे बघितलं, जशी लहानपणी खोटं पकडलं की बघायची. पार्लरवालीने नजर हलवली नाही. खोटं कशाला बोला, तिला त्या क्षणी वाईट वाटलं नाही. आपण आपल्या मालकीच्या घरात उभ्या आहोत आणि समोरची बाई आपल्या शब्दावर उठणार आहे, हे वाटणं नवीन होतं, आणि ते गोड होतं.

महिना भरायच्या दोन दिवस आधीच ताईने घर रिकामं केलं. किल्ली घ्यायला पार्लरवाली यादी घेऊन गेली. भिंती, नळ, खिडक्या, बेसिन. फरशी अशी घासलेली की पाय ठेवायला संकोच वाटावा. शेगडीच्या मागे तेलाचा एक थेंब नाही. यादीतल्या सगळ्या ओळींपुढे 'ठीक' लिहून झालं, आणि मग तिने घसा साफ केला.

"अनामतीतून रंगाचे कापावे लागतील."

"कुठे मळलंय?" ताईने भिंतीवरून तळहात फिरवला आणि तो धाकटीपुढे धरला. "दाखव, कुठे."

"मळलंय असं नाही. सगळ्यांचेच कापतात, पद्धत आहे. आज तुला सोडलं तर उद्या दुसऱ्यालाही सोडावं लागेल."

हेही बाईंचंच वाक्य होतं. शब्दाला शब्द. ताईने तळहात खाली घेतला. "त्या अनामतीवर मी पुढच्या खोलीची अनामत भरणार होते."

"मला माहीत नव्हतं."

"मी फोनवर सांगितलं होतं."

सांगितलं होतं खरं. पार्लरवाली कागदावरची धूळ झटकल्यासारखं करत राहिली. ताईने उरलेले पैसे घेतले, पावतीवर सही केली, बॅग उचलली. जिन्यात तिचा गुडघा प्रत्येक पायरीला थांबत होता. ती पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत तिच्या अडखळत्या पावलांचा आवाज वर येत होता.

कमी पडलेल्या पैशांत ताईला खोली मिळाली नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका घरात सहा खाटा लावलेल्या होत्या, त्यातली एक मिळाली. बाकी पाच खाटांवर कॉलेजच्या मुली. सहाच्या पाळीला ताई आता सव्वाचारला उठत होती आणि दोन बस बदलत होती. हे पार्लरवालीला मावसबहिणीकडून कळलं. ताईने फोन उचलणं बंद केलं होतं.

नर्सा आल्याच नाहीत. हॉस्पिटलने त्यांच्यासाठी स्वतःचं वसतिगृह उघडलं, आणि ही एकटीच नाही, त्या रस्त्यावरच्या सगळ्याच घरमालकिणी कपाळाला हात लावून बसल्या. दलाल लोकांना आणत राहिला. एकाला लिफ्ट हवी होती. एकाकडे तीन कुत्री होती. एका जोडप्याने घर पसंत केलं, खिडक्यांची मापंसुद्धा घेतली, आणि मग दुसरीकडे स्वस्त मिळालं म्हणून कळवायचीही तसदी घेतली नाही. दोन महिन्यांची शिल्लक दोन महिन्यांत संपली. तिसऱ्या महिन्याच्या हप्त्यात ताईचे कापलेले रंगाचे पैसे गेले. घराला रंग काही लागला नाही. चौथ्या महिन्यात तिने पार्लरमधली एक खुर्ची विकली आणि दोनांपैकी एका मुलीला कामावरून कमी केलं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलीस, असं नवरा कधी म्हणाला नाही. त्याने म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. तो संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर आणखी दोन तास काचा घासायला थांबू लागला.

हे सगळं सातघरी बाईंना दर तिसऱ्या शुक्रवारी कळत होतंच. "घाईने विकू नकोस," त्या म्हणाल्या. "ज्याला घाई असते तो भाव ठरवत नाही." पुढच्या खेपेला म्हणाल्या, "विकायचंच झालं तर मला आधी सांग. मला घाई नाही." आणि त्याच्या पुढच्या खेपेला पार्लरवालीने स्वतःच विषय काढला.

बाईंनी भाव सांगितला. तो ऐकून तिच्या हातातला ब्रश वाटीत पडला.

"बाई, मी याहून जास्तीला घेतलंय."

"माहितीये. पण तू घेतलंस तेव्हा नर्सा होत्या. आता घर चार महिने बंद आहे, बंद घराचा वास येतो. विचार कर. तीन आठवड्यांनी सांग."

"तीन आठवड्यांत हप्ता येतो."

"हो ना," बाई म्हणाल्या.

सह्या झाल्या त्या दिवशी कर्ज फिटलं आणि हातात जे उरलं त्यात तिने विकलेली खुर्ची परत घेतली, तीही जुनीच.

नंतरच्या शुक्रवारी बाई आल्या. काळं कापड बांधलं, रंग लावला, घड्याळ लावलं. कमी केलेल्या मुलीच्या जागी आता पार्लरवाली स्वतःच टॉवेल घड्या करत होती. सहज विचारावं तसं तिने विचारलं, "घराला कुणी मिळालं का?"

"मिळालं म्हणजे? पहिल्याच दिवशी. तुझी ताई."

टॉवेल घडी घालायचा राहिला. "कोण?"

"ताई तुझी. मी स्वतः धुलाईखान्यात जाऊन शोधून काढली. दमली होती बिचारी, डोळ्यांखाली ही एवढी काळी वर्तुळं. तीन वर्षांचा करार केलाय."

"पण... तुम्हाला तिच्याबद्दल..."

"तूच सांगितलंस. वर्षभर, या खुर्चीमागे उभं राहून. पहिल्या तारखेला सकाळी सात, खिळा नाही, वायसर स्वतः बदलते, कामाला चालत जाते. अगं, तीस वर्षांत असे भाडेकरू मी दोन बघितलेत. पहिला वारला."

"भाडं किती?"

"तिचं पहिलं होतं तेच. तू वाढवायच्या आधीचं. तीन वर्षं वाढवणार नाही असंही लिहून दिलंय. चांगला भाडेकरू मिळाला की त्याला धरून ठेवायचं असतं. हा धडा तुला द्यायचा राहिला बघ."

पार्लरवालीचा आवाज चिरकला. "तुम्हीच म्हणालात, तिला काढ."

"मी?" बाई आरशातून तिच्याकडे शांतपणे बघत होत्या. "आठवून बघ. मी म्हटलं, भीड धरू नकोस. दीडपट मिळतं म्हटलं, तेव्हा मिळत होतं. थांब म्हटलं तेव्हा तू थांबली नाहीस. मी तुला एक अक्षर खोटं सांगितलेलं नाही, पोरी."

तिने आठवून बघितलं. खरंच नव्हतं सांगितलं.

घड्याळ वाजलं. बाई उठून बेसिनपाशी गेल्या आणि मान मागे टाकून बसल्या. पार्लरवालीने पाणी सोडलं, ते नेहमीप्रमाणे आधी स्वतःच्या मनगटावर बघितलं, आणि त्या पांढऱ्या मानेवर ओतलं.

"गरम नाही ना?"

"ठीक आहे," बाई म्हणाल्या.

त्या रविवारी ती संत्री घेऊन ताईकडे गेली. तीन जिने चढताना काय बोलायचं ते घोकत होती. मला फसवलं, असं म्हणायचं. दोघींनाही फसवलं, असं म्हणायचं. दार ताईनेच उघडलं. अंगावर धुलाईखान्याचा निळा अंगरखा होता, दुपारच्या जादा पाळीला निघाली होती.

"ताई, त्या बाईने मला—"

"मला सांगितलंय त्यांनी सगळं," ताई म्हणाली. "बसायला वेळ नाही गं. चल, खाली जाता जाता बोलू."

ताईने कुलूप लावलं. दोघी जिना उतरू लागल्या. गुडघ्यामुळे ताई एका पायरीवर दोन्ही पाय ठेवत होती, आणि धाकटीने हात पुढे केला तेव्हा तिने तो घेतला नाही, कठडा धरला.

"तू रागावली आहेस माझ्यावर."

"नाही."

"रागाव ना. मार हवं तर. काहीतरी बोल."

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ताई थांबली. दम लागला होता म्हणून, दुसरं काही कारण नव्हतं. "खरं सांगू, चिमे? त्या सहा खाटांच्या खोलीत होते तेव्हा फार राग होता. रोज पहाटे बसमध्ये तुला शिव्या घालत जायचे. आता इथे आल्यापासून झोप लागते, पाळीवर वेळेवर पोचते. आणि परवा माझ्या लक्षात आलं की दिवसचे दिवस मला तुझी आठवणच येत नाही." ती हे असं म्हणाली, जसं एखादं जुनं दुखणं बरं झाल्याचं सांगावं. "मला वाटलं होतं वाईट वाटेल. नाही वाटलं."

पार्लरवालीने संत्र्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. उरलेल्या पायऱ्या त्या एकीमागे एक उतरल्या.

खाली वॉचमनने ताईला नमस्कार केला. ताईने त्याच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केली. मग धाकटीकडे वळून म्हणाली, "संत्री ने घरी. तुझा नवरा काम करून करून दमतो, त्याला दे." आणि हॉस्पिटलच्या मागच्या दाराकडे चालू लागली. चार मिनिटांची वाट. गुडघा दुखत असूनही ती पाचव्या मिनिटाला दारातून आत गेली होती. तिने मागे वळून पाहिलं नाही, आणि न बघण्यासाठी तिला काही जोर लावावा लागतोय असंही पाठीवरून वाटत नव्हतं.

पार्लरवाली बस थांब्यावर संत्र्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसली. पहिली बस तिने जाऊ दिली. दुसरी आली तेव्हा उठली, कारण चारला दोन गिऱ्हाइकं यायची होती आणि रविवारी पार्लर उघडायला आता दुसरं कुणी नव्हतं.